घरच्या फिश टँकचे फोटो काढायचेत? कॅमेरा घेण्याआधी हे वाचा, पैसे कुठं घालायचे ते सांगतो

सांगलीत विश्रामबागेत आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे, त्यात निऑन टेट्रा, गप्पी आणि तळाला फिरणारे चार कोरी, आणि बाजूच्या शेल्फवर एक छोटी टाकी, ती एकट्या फायटरची. चार वर्षं झाली मी ह्यांचे फोटो काढतोय आणि पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं कारण पैसे चुकीच्या ठिकाणी घातले. नवा कॅमेरा घेतला, दोन लेन्सचा सेट घेतला, आणि फोटो बघितला की मासा म्हणजे नुसती निळी-लाल रेघ, वर काचेत ट्यूबलाइट दिसतीय. दुकानात मला सांगितलं होतं, "दादा, बॉडी भारी घ्या, बाकीचं आपोआप येतंय." नाही येत हो. माशांच्या फोटोत आधी उजेड, मग काच, मग लेन्स आणि बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याचा, नंबर सगळ्यात शेवटी. हे कळायला मला वर्ष लागलं, तुम्हाला लागू नये म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. घाईत असाल तर फ्लॅशचा भाग तेवढा नक्की वाचा.

आधी टाकी बघा

एक रुपया खर्च करायच्या आधी टाकीची काच बघा. गोल बाऊल असेल तर फोटोचा नाद तिथंच सोडा, वाकड्या काचेतनं मासा ताणलेला दिसतो आणि कुठलीच लेन्स ते सरळ करू शकत नाही. सपाट काच पाहिजे आणि तिच्यावर चरे नकोत.

आपल्याकडं बऱ्याच घरात बोअरचं पाणी टाकीत जातं आणि ते जड असतं, त्यामुळं पाण्याच्या रेषेला पांढरा थर बसतो. डोळ्याला तो जाणवत नाही पण फ्लॅश मारला की धुक्यासारखा उठून दिसतो. पाणी बदलताना पातळी चार बोटं खाली गेली की फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन तेवढीच रेष पुसायची, मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं परत पुसायची, व्हिनेगर टाकीत ओतायचं नाही. शेवाळ मॅग्नेट क्लीनरनं काढत असाल तर तळाच्या वाळूजवळ जपून, एक खडा त्यात अडकला की काचेवर कायमचा ओरखडा, आमच्या टाकीवर डाव्या कोपऱ्यात तसा एक आहे आणि मी अजून त्याला चुकवत फोटो काढतो.

पाणी बदलायचं ते आदल्या दिवशी. त्याच दिवशी बदललं तर ताज्या पाण्यातले बारीक बुडबुडे काचेला आणि पानांना चिकटून बसतात आणि फोटोत पांढरे ठिपके येतात. मागच्या बाजूला पोस्टर असेल तर काढा आणि बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, आणि मी घेतलेल्या सगळ्या सामानात पैशाच्या मानानं जास्तीत जास्त फरक त्यानंच पडला.

पंधरा दिवस मोबाईलवरच काढा

हे मी कळकळीनं सांगतोय. कॅमेरा घ्यायची घाई करू नका, पंधरा दिवस हातातल्या मोबाईलनं काढा म्हणजे तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते कळेल.

रात्री हॉलचे सगळे दिवे आणि टीव्ही बंद, फक्त टाकीचा लाइट चालू. अंगात गडद रंगाचा शर्ट. मोबाईल काचेला समोरून टेकवा, तिरका नाही. तिरपं धरलं की पाणी आणि काच मिळून प्रकाश वाकवतात आणि मासा पुसल्यासारखा, कडेला जांभळ्या-हिरव्या रेघांचा दिसतो, काच जितकी जाड तितकं जास्त. हा नियम पुढं लाखाच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. मोबाईलचा फ्लॅश बंदच ठेवा. मागं जो वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा दिलेला असतो तो बहुतेक फोनमध्ये अगदी कमी मेगापिक्सेलचा असतो, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यानं काढून नंतर कापलेलं बरं.

फोटोत आडवे पट्टे आले तर फोन खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बऱ्याच साध्या एलईडी पट्ट्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. लाइटला डिमर असेल तर तो फुलवर ठेवून बघा.

आता वही घ्या किंवा फोनमध्येच लिहा, रोज फोटो का बिघडले ते. कारणं तीनच निघतील. मासा हलल्यामुळं पुसला, म्हणजे उजेड कमी, तुम्हाला फ्लॅश पाहिजे. मासा फारच छोटा आला, म्हणजे लेन्स पाहिजे. काचेत काहीतरी दिसतंय, म्हणजे काहीच घ्यायला नको, खोली अजून अंधारी करा. माझ्या भाचीनं हे केलं आणि तिच्या वहीत बावीस फोटोंपैकी सोळा ठिकाणी 'पुसला' लिहिलेलं होतं. मग कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन काय मागायचं ते तिला आधीच माहीत होतं.

बॉडी: जुनी घ्या, पण बघून घ्या

सुरुवातीला नवी बॉडी घ्यायची काही गरज नाही. चार गोष्टी पाहिजेत: मॅन्युअल मोड (सगळं सेटिंग हातानं करता येणं), रॉ फोटो (कॅमेऱ्यानं न बदललेली मूळ फाईल) निघणं, लेन्स बदलता येणं, आणि वर फ्लॅश बसवायची हॉट शू. ह्या चारही गोष्टी दहा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्येही आहेत. आणि सांगली-मिरजेत, तासगाव-इस्लामपूरकडं लग्नाचे फोटोग्राफर भरपूर, त्यातले बरेच आता मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, गेलेत, त्यांच्या जुन्या बॉडी विकायला असतात. सीझन संपला की म्हणजे जून-जुलैत विचारा, तेव्हा ते मोकळेही असतात आणि निवांत बोलतातही.

पण लग्नाचा कॅमेरा म्हणजे राबलेला कॅमेरा. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत ते, विचारा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं, त्यापुढंही चालतं पण मग भाव तसा लावायचा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच लिहिलेला असतो, म्हणून एक ताजा फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्या. कॅननच्या साध्या बॉडीत तो असा फोटोत मिळत नाही, तिथं बॉडीची अवस्था बघून ठरवावं लागतं. मग लेन्स काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा आणि आतून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ती लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी. आणि एफ १६ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर, धूळ आहे. धूळ साफ होते, बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही.

दोन ठिकाणी लोक फसतात ते मुद्दाम सांगतो. पहिलं निकॉनचं. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स लागते, जुनी एएफ-डी बसेल पण फोकस हातानं करावा लागेल, आणि पळणाऱ्या निऑनवर ते नवख्याला जमत नाही. जुन्या बॉडीवर एएफ-पी घेणार असाल तर ती लावून फोकस होतोय का ते तिथंच बघा. दुसरं कॅननचं. २००डी मार्क २ सारख्या काही अलीकडच्या स्वस्त बॉडींच्या हॉट शूमध्ये मधली मोठी पिनच काढून टाकलीय. साधा एका पिनचा ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश पेटवणारं छोटं यंत्र) किंवा फ्लॅश तिच्यावर पेटतच नाही. म्हणून बॉडी घेताना हॉट शूत बघा, मध्ये गोल पिन आहे का. नसली तर कॅननसाठीच बनवलेला ट्रिगर लागेल आणि तोही दुकानातच लावून, फ्लॅश पेटवून बघून घ्यायचा.

मिररलेस घेतला तर छानच, त्यात फोटो कसा येणार ते आधीच स्क्रीनवर दिसतं. फक्त फ्लॅश लावल्यावर तेच अडतं, स्क्रीन काळीकुट्ट होते आणि लोक घाबरतात. सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पोजरचा प्रीव्ह्यू बंद करा, मग परत नीट दिसतं.

लेन्स: जरा हिशेब करा

इथं सगळे सांगतात, ५० एमएम एफ १.८ घ्या, पोर्ट्रेटची लेन्स, स्वस्त आणि मस्त. माणसांसाठी मस्त आहेच. माशांसाठी आधी हे बघा.

प्रत्येक लेन्स किती जवळ जाऊ शकते आणि वस्तू सेन्सरवर किती मोठी पाडते ह्याचा एक आकडा असतो, मॅग्निफिकेशन. साध्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २२ ते २३ मिलिमीटर रुंद असतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर ठेवून एकदम जवळ गेलात तर बऱ्याच किट लेन्समध्ये ०.३४ ते ०.३८ पट मिळतं. म्हणजे पूर्ण फोटोची रुंदी झाली साधारण ६ सेंटिमीटर. फायटर तेवढ्यात मस्त भरतो. निऑन तीन सेंटिमीटरचा, तो निम्मा फोटो व्यापतो, कापला की मोबाईलवर भरून दिसतो. आणि ५० एमएम? कॅननची एसटीएम ०.२१ पट, म्हणजे फोटोची रुंदी साडेदहा सेंटिमीटर. निकॉनची ५० एमएम १.८जी तर ०.१५ पटच, रुंदी पंधरा सेंटिमीटरच्या वर. म्हणजे जी किट लेन्स लोक फुकटात आली म्हणून कपाटात टाकतात ती माशाला जास्त मोठं दाखवते! हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता, मी स्केल टाकीला लावून फोटो काढून शोधला, तुम्हीही लेन्स घेण्याआधी दुकानात तसंच करा. खिशात सहा इंची पट्टी न्यायची, जितकं जवळ फोकस होतो तिथनं पट्टीचा फोटो काढायचा आणि किती सेंटिमीटर बसले ते मोजायचं.

आणि हो, डब्यावर लिहिलेलं कमीत कमी अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. २५ सेंटिमीटर लिहिलं असेल तर लेन्सच्या तोंडापासून ते त्याच्या निम्म्याच्या आसपास उरतं.

सेटमध्ये दुसरी लेन्स येते ती ५५-२५० किंवा ७०-३००, ती माशांना जवळजवळ निरुपयोगी. तिला मीटरभर लांब उभं राहावं लागतं, तिथनं रबर हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची रबरी कड) काचेला टेकत नाही आणि सगळ्या खोलीचं प्रतिबिंब फोटोत येतं. माझे पैसे तिथंच गेले. पक्षी बघायला हरिपूरच्या संगमावर जाणार असाल तर घ्या, टाकीसाठी नको.

सहा महिन्यांनी हात बसला आणि अजून जवळ जावंसं वाटलं तर मॅक्रो लेन्स, ६० किंवा ९०-१०० एमएमची, जुनी चालेल. ती खरी १ पट देते, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरमध्ये पूर्ण फोटो, कोरीच्या मिश्या मोजता येतात. मधला स्वस्त मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा, बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. ५० एमएमला १२ मिलिमीटरची ट्यूब लावली की १२ भागिले ५०, म्हणजे ०.२४ पट वाढतं. पण मग लांबचं काहीच फोकस होत नाही, मासा दोन इंच मागं गेला की गेला. शांत बसणाऱ्या श्रिम्पला चालेल, निऑनला नाही. आणि घ्यायचीच तर इलेक्ट्रिक कॉन्टॅक्टवालीच घ्या, बिनकॉन्टॅक्टची स्वस्त ट्यूब लावली की ऑटोफोकस जातो आणि कॅमेऱ्यावरनं अॅपर्चर, म्हणजे तो एफचा आकडा, बदलता येत नाही.

फ्लॅश: इथं पैसे घाला

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात एफ १.८ ची लेन्स घेतली की उजेडाचा प्रश्न सुटतो. किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा ती साधारण दहापट उजेड घेते हे खरं. पण इतक्या जवळनं एफ १.८ ला माशाचा डोळा फोकसमध्ये आला तर शेपटी धुरकट. पूर्ण मासा नीट पाहिजे तर एफ ८ पर्यंत जावं लागतं, मग उजेड परत कमी, मग आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) वाढवा, मग फोटोत दाणे. ह्या चक्रातनं बाहेर काढणारी एकच वस्तू, टाकीच्या वरनं खाली मारलेला फ्लॅश.

मी वापरतो तो गोडॉक्सचा टीटी६००, चार पेन्सिल सेलवर चालतो, पूर्ण मॅन्युअल आणि त्यातच वायरलेस रिसीव्हर असतो, म्हणून कॅमेऱ्यावर फक्त त्याच कंपनीचा ट्रिगर लावायचा. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा घेतला तरी हेच बघा: कॅमेऱ्यापासून लांब ठेवून वायरलेस पेटला पाहिजे आणि पॉवर हातानं कमीजास्त करता आली पाहिजे. ऑटो फ्लॅशचे जास्तीचे पैसे देऊ नका. टाकी हलत नाही, फ्लॅश हलत नाही, एकदा पॉवर बसवली की रोज तीच. रिचार्जेबल सेलचे दोन सेट घ्या. आणि लाइट गेले तरी हा फ्लॅश चालतो, आमच्याकडं वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज गेल्यावर मी ह्याच्यावर फोटो काढलेत, फक्त फोकसला मुलीनं बाजूनं टॉर्च धरली होती.

कॅमेऱ्याचा स्वतःचा, वर उघडणारा फ्लॅश कधीच नको. तो सरळ काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो.

आता बसवायचं कसं, ते सावकाश वाचा, कारण इथं पाणी आणि वीज शेजारी येतात. टाकीवर काचेचं झाकण पाहिजेच, आणि ते कोरडं पुसून घ्या. त्यावर लाकडी फळी आडवी ठेवा, फ्लॅश तिच्यावर असा बसवा की तोंड खाली राहील, आणि दोरीनं पक्का बांधा. फ्लॅशच्या आत कपॅसिटरमध्ये जबरदस्त व्होल्टेज साठलेलं असतं, तो पाण्यात पडता कामा नये, आणि पडलाच तर आत हात घालायचा नाही. टाकीच्या हीटर-पंपच्या वायरी प्लगपर्यंत जाताना खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोलावरून खाली टपकेल.

फ्लॅश टाकीच्या मधोमध नको, पुढच्या काचेकडच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा आणि तोंड थोडं मागं झुकवा. मग उजेड माशाच्या आपल्याकडच्या अंगावर पडतो. मधोमध किंवा मागं ठेवला तर पाठ चमकते आणि आपल्याला दिसणारी बाजू काळी. तोंडावर ट्रेसिंग पेपर किंवा पांढऱ्या आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण लावा, उजेड मऊ होतो आणि खवले जळल्यासारखे पांढरे दिसत नाहीत. तळाला पांढरी वाळू असेल तर नशीबवान आहात, ती उजेड परत वर फेकते आणि माशाचं पोट दिसतं. माझा तळ काळा आहे, म्हणून फोटो काढायच्या दिवशी मी पांढरी प्लॅस्टिकची पट्टी धुऊन पुढच्या काचेजवळ फोटोच्या चौकटीबाहेर आडवी ठेवतो.

सुरुवातीचं सेटिंग असं: मॅन्युअल मोड, शटर १/१६०, एफ ८, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवर. फोटो काळा आला तर आयएसओ ४०० करा, पांढरा पडला तर फ्लॅश १/१६. शटर १/२०० च्या वर नेऊ नका, साध्या बॉडीत त्याच्यापुढं फोटोची एक बाजू काळी पडते. आणि १/१६० ला मासा पुसेल का ही भीती सोडा, कमी पॉवरवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ पेटतो, तेवढ्यात गप्पीची शेपटी जागच्या जागी थांबते. पहिल्यांदा ती शेपटी फोटोत बघितली तेव्हा तिच्यातल्या बारीक शिरा दिसल्या, तोवर डोळ्यांनी कधी दिसल्या नव्हत्या.

फ्लॅशऐवजी हॅलोजन लावू का असं बरेच विचारतात. नको. एप्रिलमध्ये सांगलीत टाकीचं पाणी तसंच तापलेलं असतं, त्यात हॅलोजनची भर घालू नका. रिंग लाइटही नको, त्याचं गोल कडं काचेत दिसतं.

अजून काय लागतं, काय नाही

रबर हूड लगेच घ्या, स्वस्त असतो. लेन्सच्या कडेला लिहिलेला व्यास बघून घ्यायचा, कॅननच्या १८-५५ ला ५८ मिलिमीटर, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ ला ५५. काचेला टेकवला की प्रतिबिंब संपलं. ट्रायपॉड पूर्ण टाकीच्या फोटोला चांगला, पळत्या माशांना अडचणच. पोलरायझर फिल्टर घेऊ नका, काचेच्या सरळ समोरनं त्याचा उपयोग होत नाही आणि वर उजेड खातो.

पहिल्या दिवशी

खायला नेहमीच्या वेळेला पण अर्धंच द्या, पुढच्या काचेजवळ, मासे तिथंच घुटमळतात. फिल्टर बंद करा, कण खाली बसायला दहा मिनिटं. टाकीचा लाइट चालूच ठेवा, पूर्ण अंधारात अचानक फ्लॅश मारला की मासे उधळतात आणि काचेवर आपटू शकतात. पहिले चार-पाच फ्लॅश कॅमेरा लांब ठेवूनच मारा, त्यांना सवय होऊ दे. कुणी झाडामागं जाऊन बसला आणि बाहेर येईना तर त्या दिवशी बंद करा, फोटो उद्याही काढता येईल.

माशाच्या मागं कॅमेरा फिरवत बसू नका. एक जागा निवडा, एखादं पान किंवा दगड, तिथं फोकस करून ठेवा आणि वाट बघा. मासा रोज त्याच वाटेनं येतो, दोन-तीन दिवसांत तुम्हाला कळेलच. त्याचा डोळा चमकला की क्लिक. रॉमध्ये काढा, म्हणजे टाकीच्या लाइटचा निळेपणा नंतर काढता येतो. शंभर काढले आणि तीन चांगले निघाले तर दिवस चांगला गेला समजा, मला अजून एवढेच मिळतात.

झालं की फ्लॅशमधले सेल काढून ठेवा. कॅमेरा टाकीच्या खोलीत ठेवू नका, तिथं दमट असतं, त्यात पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि फोटो कॉम्प्युटरवर टाकायला बसण्याआधी परत एकदा टाकीजवळ जाऊन फिल्टर चालू केलाय का ते बघा. मी एकदा विसरलो होतो, सकाळी उठलो तर सगळे मासे वर पाण्याला तोंड लावून हवा घेत होते.